मूळ आणि रूपांतर : ‘आर-टाइप’

भाषांतरानें मूळच्या शब्दाला धरून राहावें कीं मूळच्या परिणामाला, हा वाद आपल्या वाङ्मयांत बराच जुना आहे. महादेवशास्त्री कोल्हटकरांनीं १८६७ सालीं शेक्सपियरचा ‘ऑथेल्लो’ मराठींत उतरविला. देवलांनीं १८९० सालीं त्याच नाटकाचा ‘झुंझारराव’ केला. पहिला ग्रंथ अभ्यासकांच्या कपाटांत राहिला, दुसरा रंगभूमीवर गेला. मूळच्या कवीशीं अधिक इमानी कोण, ह्या प्रश्नाचें उत्तर ‘इमान’ ह्या शब्दाचा अर्थ आपण काय करतों ह्यावर अवलंबून आहे. हा प्रश्न नाटककादंबऱ्यांपुरताच आहे असें समजण्याची आपली संवय आहे. वस्तुतः जेथें जेथें एखादी कृति श्रीमंत साधनांतून निघून गरीब साधनांत राहावयास जाते, तेथें तेथें तो उभा राहतो. आणि ज्या एका ठिकाणीं तो अत्यंत उघड्या स्वरूपांत उभा राहिला, त्याकडे टीकाकारांनीं क्वचितच लक्ष दिलें आहे. तें ठिकाण म्हणजे १९८० नंतरच्या दशकांतील इंग्लंडमधले घरगुती कॉम्प्युटर आणि त्यांवर उतरविलेले आर्केडचे खेळ.

पडद्यावरच्या खेळाला ‘कृति’ म्हटलेलें पाहून ज्यांच्या भुंवया वर चढतील त्यांच्याशीं येथें वाद घालण्याचें कारण नाहीं. एके काळीं कादंबरीलाही आपल्याकडे असेंच दारांत उभें केलेलें होतें. तेव्हां सरळ विषयाकडेच वळूं.

‘आर-टाइप’ हा खेळ आयरेम ह्या जपानी कंपनीनें १९८७ सालीं आर्केडांत आणला. नाणें टाकावें, पडद्यावरचें छोटें विमान चालवावें, समोरून येणारे शत्रू पाडावे, असा हा खेळ. आणि एवढेंच सांगितलें तर त्यांत नवें कांहींच नाहीं. आडवा सरकणारा देखावा आणि त्यांतून वाट काढणारें एकाकी यान ही रचना दोन वर्षें आधीं कोनामीच्या ‘ग्रॅडियस’नें लोकप्रिय केलेली होती. परंतु ‘ग्रॅडियस’ हा संचयाचा खेळ आहे. मिळेल तें गोळा करा, बलवान व्हा, आणि त्या बळावर पुढें जा, असें तो सांगतो. ‘आर-टाइप’चा स्वभाव निराळा आहे. त्यांत बळ मिळतें, पण तें बळ कोठें ठेवावयाचें हें खेळणाराला दर क्षणीं ठरवावें लागतें.

ह्या स्वभावाचें बीज ‘फोर्स’ नांवाच्या एका गोळ्यांत आहे. यानाला हा गोळा लवकरच भेटतो. तो नाकाला जोडतां येतो, तसा शेपटीलाही जोडतां येतो. सोडून दिला तर तो दूर जाऊन स्वतंत्रपणें लढतो, आणि बोलावला कीं सावकाश परत येतो. तो स्वतः अभंग आहे. शत्रूच्या साध्या गोळ्या त्याच्यावर आदळून विरून जातात. म्हणजे तो एकाच वेळीं शस्त्रही आहे आणि ढालही आहे, परंतु जेथें शस्त्र हवें तेथेंच ढालही हवी असा योग फारसा येत नाहीं. पुढें जोडला तर पाठ उघडी पडते. मागें जोडला तर समोरच्याशीं यानाला आपल्या किरकोळ माऱ्यानेंच लढावें लागतें. दूर पाठविला तर दोन्ही बाजू मोकळ्या. ह्या गोळ्याला तीन रंगांच्या स्फटिकांनीं तीन प्रकारचे किरण मिळतात. तांबडा पीळ घालीत सरळ जातो, निळा भिंतींवर आपटून परावृत्त होतो, पिवळा जमिनीला व छताला चिकटून सरपटत जातो. ह्यांत श्रेष्ठकनिष्ठ असा क्रम नाहीं. जागेप्रमाणें योग्यायोग्यता आहे. औचित्य हा शब्द आपले जुने साहित्यशास्त्रकार ज्या अर्थानें वापरीत, तो येथें चपखल बसतो.

दुसरी गोष्ट यानाच्या मोठ्या तोफेची. बटण दाबून धरलें कीं पडद्याच्या तळाची पट्टी हळूहळू भरूं लागते. भरल्यावर बोट उचललें म्हणजे एक प्रचंड लोट सुटतो. पण पट्टी भरत असतां साधा मारा बंद! ज्याला मोठा प्रहार करावयाचा त्यानें कांहीं क्षण निःशस्त्र राहिलें पाहिजे. गोळीबाराच्या खेळांत गोळी न झाडण्याला एवढी किंमत देणारा खेळ त्यापूर्वीं आमच्या पाहण्यांत नाहीं. वीररसाचा स्थायीभाव उत्साह असें आपण म्हणतों. ‘आर-टाइप’मधील वीराचा स्थायीभाव संयम आहे असें म्हणावें लागेल.

त्याच्या बीभत्साविषयींही चार शब्द लिहिले पाहिजेत, कारण बहुतेकांच्या स्मरणांत तोच राहिलेला आहे. पहिल्या टप्प्याच्या अखेरीस डॉबकेराटॉप्स नांवाचा जो राक्षस आहे, त्याच्या पोटांतून एक दुसराच जीव डोकें बाहेर काढतो, आणि मारावयाचें तें त्या दुसऱ्या जीवाला. १९७९ च्या ‘एलियन’ चित्रपटाची छाया ह्या कल्पनेवर स्पष्ट आहे. शत्रूचें राज्य ‘बायडो’ हें यंत्र आणि मांस ह्यांच्या संकरांतून झालेलें आहे. भिंती कोठें लोखंडी आणि कोठें आंतड्यांसारख्या. ही किळस केवळ शोभेची नाहीं. खेळणाराला अरुंद जागेंत हळूहळू सरकावें लागतें, म्हणून तो त्या भिंतींकडे फार वेळ आणि फार जवळून पाहतो, आणि त्यामुळें ती अंगावर येते.

आतां ह्या खेळाची कठोरता. यानाला एक स्पर्श झाला कीं तें नष्ट होतें. मागच्या एका ठराविक ठिकाणापासून पुनः आरंभ करावा लागतो, आणि तो गोळा, ते किरण, सर्व कांहीं गेलेलें असतें. हें अन्यायाचें आहे असें पुष्कळांस वाटलें आणि अजूनही वाटतें. आमचें मत तसें नाहीं. आठ टप्प्यांतील प्रत्येक हल्ला ठरलेल्या जागीं, ठरलेल्या वेळीं होतो. त्यांत दैवाचा भाग जवळजवळ नाहीं. तेव्हां हा खेळ पाठ करावयाचा आहे, आणि पाठांतराला पुनरावृत्तीखेरीज दुसरा मार्ग नाहीं. मात्र आर्केडांत ह्या पुनरावृत्तीची किंमत नाण्यांत मोजावी लागे. खेळाच्या कठोरतेंत कलावंताचा हेतु किती आणि दुकानदाराचा गल्ला किती, हें तेथें उभें राहून सांगतां येत नसे. ह्या मुद्द्याकडे पुढें परत यावयाचें आहे.

ह्या खेळाचें यंत्र त्याच्यासाठीं पुरेसें श्रीमंत होतें. ८ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, ३८४ बाय २५६ ठिपक्यांचा पडदा, एकावर एक सरकणारे देखाव्याचे दोन थर, आणि हलत्या आकृति काढण्याकरितां वेगळी यंत्रणा, म्हणजे चित्र हलविण्याचे कष्ट प्रोसेसरला पडतच नसत. उलट सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम पाहा. हा कॉम्प्युटर १९८२ सालीं निघाला. त्याची ४८ किलोबाइटची आवृत्ति १७५ पौंडांस मिळे. त्यांतला झेड-८० प्रोसेसर ३.५ मेगाहर्ट्झवर चाले. पडदा २५६ बाय १९२ ठिपक्यांचा. हलत्या आकृतींसाठीं वेगळी यंत्रणा नाहीं. देखावा सरकविण्याची सोय नाहीं. जें हलावयाचें तें प्रोसेसरनें स्वतः एकेक बाइट उचलून हलवावें.

ह्याचा अर्थ काय होतो तें एका साध्या हिशेबानें कळेल. पडद्यावरच्या ठिपक्यांस ६,१४४ बाइट लागतात. प्रोसेसरच्या सर्वांत सोप्या नकल-आज्ञेला एक बाइट हलविण्यास २१ ठोके लागतात. म्हणजे सगळा पडदा एकदां हलविण्यास सुमारें १ लाख २९ हजार ठोके. टेलिव्हिजनवरचें चित्र सेकंदाला ५० वेळां बदलतें, आणि तेवढ्या अवकाशांत प्रोसेसरचे ठोके होतात सुमारें ७० हजार. नुसता देखावा सरकवावयाचा म्हटला तरी चित्राचे जवळजवळ दोन फेरे खर्च झाले. शत्रू, गोळ्या, टक्कर, आवाज ह्यांचा विचार अजून व्हावयाचाच आहे. अशा यंत्रावर ‘आर-टाइप’ आणूं म्हणणें हें प्रथमदर्शनीं धाडसापेक्षां वेडाच्याच अधिक जवळचें वाटतें.

परंतु खरी अडचण वेगाची नव्हती, रंगाची होती. स्मरणाची काटकसर व्हावी म्हणून स्पेक्ट्रममध्यें रंग ठिपक्याला दिलेला नसून आठ ठिपके रुंद व आठ ठिपके उंच अशा चौकोनाला दिलेला आहे. असे ३२ बाय २४, एकूण ७६८ चौकोन. एका चौकोनांत दोनच रंग राहूं शकतात. एक लाल वस्तु निळ्या वस्तूच्या जवळून गेली कीं त्या चौकोनापुरती कोणती तरी एक आपला रंग सोडून दुसरीचा घेते. स्थिर चित्राला हें चालून जाईल. जेथें शेंकडों वस्तु सतत एकमेकींजवळून सरकतात तेथें रंगांचा चिखल होतो. ह्या भयानें त्या काळच्या अनेक रूपांतरकारांनीं रंगच सोडून दिला आणि सगळा खेळ एकाच रंगाच्या काळ्यापांढऱ्यासारख्या छायेंत मांडला. हा मार्ग शहाणपणाचा होता. त्यांत चूक कांहीं नव्हती, शोभाही नव्हती.

‘आर-टाइप’चें स्पेक्ट्रमवरील रूपांतर बॉब पेप ह्यांनीं केलें, त्याची चित्रें मार्क जोन्स ह्यांनीं काढलीं, आणि इलेक्ट्रिक ड्रीम्स ह्या नांवाखालीं तें १९८८ सालीं प्रसिद्ध झालें. पेप ह्यांनीं त्या दिवसांची हकीकत पुढें ‘इट्स बिहाइंड यू’ ह्या पुस्तकांत स्वतः लिहिली आहे. २०१३ मध्यें तें त्यांनीं सर्वांस विनामूल्य वाचावयास दिलें. ह्या दोघांनीं शहाणपणाचा मार्ग सोडला. त्यांच्या ‘आर-टाइप’मध्यें रंग आहेत आणि ते पुष्कळ आहेत: जमीन एका रंगाची, शत्रू दुसऱ्या, स्फोट तिसऱ्या. चिखल होत नाहीं असें नाहीं. यान एखाद्या भिंतीशीं सलगी करूं लागलें कीं चौकोनाचा नियम आपला कर वसूल करतोच. पण आकाश काळें ठेवून, वस्तूंची बेतणी त्या चौकोनांच्या जाळीला अनुसरून करून, तो कर शक्य तितका कमी केलेला आहे. वृत्तांत लिहिणारा चांगला कवि यतीच्या जागीं शब्द फोडीत नाहीं, त्या जागीं संपेल असाच शब्द शोधतो; जोन्स ह्यांचें काम त्या जातीचें आहे.

हें केवळ कसबाचें कौतुक नव्हे. रंगाचा हट्ट का धरावा, ह्याला ह्या खेळांत अर्थाचें कारण आहे. स्फटिकाचा रंग पाहून आपण किरण निवडतों. रंग गेला तर निवड आंधळी होते आणि औचित्याचा सगळा विचारच कोसळतो. दुसऱ्या एखाद्या खेळांत रंग हा अलंकार असेल. येथें तो अर्थ आहे. रूपांतरकाराची खरी परीक्षा येथें होते: मुळांतील कोणत्या गोष्टी सोडल्या असतां कृति दरिद्री होते, आणि कोणत्या सोडल्या असतां ती ती राहतच नाहीं, हें त्याला ओळखतां आलें पाहिजे. पेप-जोन्स ह्यांनीं देखाव्याची खोली सोडली. डॉबकेराटॉप्सच्या मांसलपणांतला ओलावा सोडला, आणि ही हानि लहान नाहीं. मुळांत जी किळस त्वचेला जाणवते ती येथें नुसती समजते. वेगही मुळाचा नाहीं. पण गोळा पुढें कीं मागें हा प्रश्न त्यांनीं सोडला नाहीं, तोफेची पट्टी सोडली नाहीं, हल्ल्यांचा ठरलेला क्रम सोडला नाहीं. मूळ खेळ ज्याला पाठ आहे तो येथें आला तर त्याचें पाठांतर पुष्कळ अंशीं उपयोगी पडतें. ह्याहून मोठी शिफारस कोणती?

कठोरतेचा मुद्दा आतां घेऊं. घरीं नाणें नाहीं. टेपची किंमत एकदांच दिलेली आहे, आणि मरण फुकट झालेलें आहे. आमच्या मतें ह्या एका बदलानें रूपांतराला असें कांहीं साधलें कीं जें मुळाला स्वतःच्या घरांत साधलें नव्हतें. आर्केडांत मागें फेकलें जाणें म्हणजे खिशाला चाट. घरीं तें नुसतें मागें फेकलें जाणें आहे. दुकानदाराचा गल्ला वजा केल्यावर जी कठोरता उरते तीच रचनेची खरी कठोरता, आणि ती उरते हें येथें प्रत्ययास येतें. मात्र घरच्या खेळाला आपला स्वतःचा एक कर होताच. ४८ किलोबाइटांत सगळा खेळ मावत नाहीं, म्हणून टप्पे टेपवरून एकामागून एक भरावे लागत. स्पेक्ट्रमचें स्मरण टेपवरून भरावयाचें म्हणजे चार-पांच मिनिटांचें काम. एका टप्प्याला त्याहून कमी वेळ लागे, पण लागे. सलग श्वासाचा खेळ अंकांत विभागला गेला. आर्केडांत पुढचा टप्पा आपल्यावर येऊन आदळतो. येथें पडदा पडतो, आणि प्रेक्षक खुर्चींत चुळबुळ करीत बसतो. ह्याला गुण म्हणवत नाहीं, आणि दोष म्हणावयासही जीभ रेटत नाहीं. कारण त्या वेळांत नुकत्याच जिंकलेल्या राक्षसाची उजळणी आपोआप होई.

ह्याच्या शेजारीं त्याच सालचें एक दुसरें रूपांतर ठेवून पाहावें. एनइसी कंपनीच्या ‘पीसी इंजिन’ ह्या घरगुती खेळयंत्रावर हडसन सॉफ्टनें १९८८ सालीं ‘आर-टाइप’ आणला, तो जपानांत दोन भाग करून दोन वेगळ्या कार्डांवर विकला. तें यंत्र ह्याच जातीच्या खेळांसाठीं केलेलें होतें, आणि तें रूपांतर मुळाच्या इतकें जवळ गेलें आहे कीं पाहणारा चकित होतो. खेळावयास तेंच अधिक सुखाचें, ह्यांत शंका नाहीं. पण त्याच्यावर टीका लिहावयास बसलें तर लेखणी थांबते. त्यांत निवड फारशी करावी लागलेली नाहीं; आणि जेथें निवड नाहीं तेथें मूळ खेळाविषयीं नवें कांहीं कळत नाहीं. चांगली नकल आपल्याला वस्तु देते. चांगलें रूपांतर त्या वस्तूवरचा अभिप्राय देतें.

तिसरा प्रकार ह्या दोहोंहून निराळा आहे, आणि त्याची कथा थोडी मौजेची आहे. जर्मनींत रेनबो आर्ट्स ह्या संस्थेनें १९८८ सालीं कमोडोर-६४ ह्या कॉम्प्युटरवर ‘काटाकिस’ नांवाचा खेळ काढला. त्याचा मुख्य कर्ता मान्फ्रेड ट्रेन्झ. खेळ देखणा, पण ‘आर-टाइप’शीं त्याचें साम्य असें कीं यानाला जोडला जाणारा गोळासुद्धां तसाच. ‘आर-टाइप’च्या घरगुती रूपांतरांचे हक्क तेव्हां ॲक्टिव्हिजनकडे होते, त्यांनीं कायद्याचा धाक घातला आणि ‘काटाकिस’ बाजारांतून काढून घ्यावा लागला. तो पुढें फेरफार करून ‘डेनारिस’ ह्या नांवानें परत आला. गंमत ह्याच्या पुढेंच आहे. ज्यांच्यावर चोरीचा आरोप केला त्यांच्याचकडे ॲक्टिव्हिजननें कमोडोर-६४ वरील अधिकृत ‘आर-टाइप’चें काम सोंपविलें! अमिगा कॉम्प्युटरवरील रूपांतर त्यांचेच सहकारी फॅक्टर ५ ह्यांनीं १९८९ मध्यें पुरें केलें. चोरच पहाऱ्यावर नेमावा, तसा हा प्रकार. पण नेमणूक करणाराला एक गोष्ट नीट कळलेली होती, ती म्हणजे त्या यंत्रांवर असा खेळ करूं शकणारे हात कोणते.

‘काटाकिस’वर झालेला न्याय योग्य होता कीं नाहीं हा वकिलांचा प्रश्न. टीकाकाराला त्यांत दुसरेंच दिसतें. कमोडोर-६४ मध्यें हलत्या आकृतींची आणि देखावा सरकविण्याची अंगभूत सोय होती. तेथें स्पेक्ट्रमची अगतिकता नव्हती. ट्रेन्झ ह्यांनीं ‘आर-टाइप’चें रूप उचललें, त्याचा गोळाही उचलला, परंतु त्या गोळ्याला ज्या कोंडीनें अर्थ येतो ती कोंडी त्यांना उचलावीशी वाटली नाहीं. ‘काटाकिस’ मोकळा आणि धांवता आहे. त्यांत गोळा कोठें ठेवावा हा विचार क्वचितच जीवनमरणाचा होतो. अनुकरण आणि रूपांतर ह्यांतला भेद कायद्याच्या परवानगींत नसून तो येथें आहे. ट्रेन्झ ह्यांची प्रतिभा मुळांतच धांवत्या खेळाची होती, हें त्यांच्या १९९० च्या ‘टरिकन’वरून सिद्ध झालें, त्या खेळांत त्यांना स्वतःची वाट सांपडली. दुसऱ्याच्या वृत्तांत लिहिणाऱ्या पुष्कळ चांगल्या कवींचें असेंच होतें.

आज ह्या सर्व चर्चेवर एक आक्षेप सहज येईल. आयरेमचा मूळ खेळ आतां घरोघरीं सांपडतो; ‘आर-टाइप डायमेन्शन्स’ ह्या नांवानें तो २००९ सालीं नव्या यंत्रांवर आला, आणि त्यांत जुनें रूप आणि नवें रूप एका बटणानें बदलतां येतें. मूळ हाताशीं असतां स्पेक्ट्रमवरील हें काटकसरीचें रूप कोणीं कशाला पाहावें? संस्कृत येणारानें मराठी ‘शाकुंतल’ का पाहावें, असाच हा प्रश्न आहे, आणि त्याचें उत्तर आपल्या प्रेक्षकांनीं तिकिटें काढून पूर्वींच दिलेलें आहे. गरिबाघरचें रूपांतर जपण्याची निकड मूळ ग्रंथ जपण्याहून कमी नाहीं. उलट अधिक, कारण मुळाला कंपनी आहे, हक्क आहेत, पुनर्मुद्रण आहे. टेपला हें कांहीं नाहीं. चुंबकीय फीत जुनी झाली कीं तिच्यावरचा आवाज क्षीण होत जातो, आणि त्याबरोबर त्या दोघांनीं केलेल्या हजारों लहान निवडीही जातात. खासगी हौशी मंडळींनीं अशा टेपांच्या प्रती उतरवून ठेवल्या म्हणून ह्या निवडी अजून शाबूत आहेत.

ज्याला एकच टप्पा पाहण्याची सवड असेल त्यानें तिसरा पाहावा. मुळांत ह्या टप्प्यांत एकच शत्रू आहे: पडद्यांत न मावणारी एक प्रचंड युद्धनौका. ती आपल्यावर हल्ला करून निघून जात नाहीं. आपणच तिच्या पोटाखालून, पाठीवरून, शिडांसारख्या उभ्या बुरुजांमधून फिरत तिचा एकेक भाग निकामी करावयाचा असतो. स्पेक्ट्रमवर तिचे लोखंडी पत्रे चमकत नाहींत. साध्या, ठळक, चौकोनी तुकड्यांची ती बनलेली आहे. पण ती खाली उतरूं लागली कीं तिच्या आणि जमिनीच्या मधला काळा पट्टा अरुंद होत जातो, आणि गोळा मागें घ्यावा कीं वर सोडावा ह्याचा निर्णय त्या पट्ट्यांत राहून करावा लागतो. पट्टी भरत असते. बोट बटणावरून उचलण्याची वेळ अजून झालेली नसते. मग नौकेचा गाभा फुटतो, सगळा पडदा क्षणभर रंगांनीं भरून जातो, आणि ४८ किलोबाइटच्या यंत्रावर टेप पुढील टप्प्याकरितां पुनः फिरूं लागते.